संध्याकाळी परकराची नाडी सैल करावी लागते

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"ताई, मी ४८ वर्षांची, सोलापूर जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. पाच महिने झाले पाळी आली नाही, त्याआधी वर्षभर कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी असा खेळ चालू होता, आली की भरपूर जायचं. अंगातून वाफा निघतात ते तर आहेच पण माझा खरा वैताग पोटाचा आहे. सकाळी पोट ठीक असतं, शाळेतून घरी येईपर्यंत इतकं फुगतं की परकराची नाडी सैल करावी लागते, पाचवा महिना लागल्यासारखं दिसतं. दोन दोन दिवस पोट साफ होत नाही, घशाशी आंबट येतं. मेडिकलवाल्याने दिलेली ॲसिडिटीची कॅप्सूल रोज घेते, आठ महिने झाले. उसळी बंद केल्या, दूध बंद केलं, रात्रीचं जेवण बंद केलं, तरी वजन वाढतंच आहे. सोबत थायरॉईडची गोळी, रक्त कमी म्हणून लोहाची, हाडांसाठी कॅल्शियमची. सासूबाई म्हणतात वात झालाय, मिस्टर म्हणतात गॅस आहे, शेजारच्या वहिनी म्हणतात पिशवी काढून टाक एकदाची, त्यांनी काढली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले या वयात असं होणारच. खरंच हे सगळं पाळीमुळे आहे का, का मला काही वेगळंच झालंय?"

अगं, तू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, म्हणून सरळ अगंतुगं करते, राग मानू नकोस. आणि आधीच सांगून टाकते, मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. जिथे डॉक्टरची गरज आहे तिथे तुला डॉक्टरकडेच पाठवणार आहे.

पाळीचा आणि पोटाचा संबंध आहे का, तर आहे. पण ते "या वयात असं होणारच" हे वाक्य आहे ना, ते तपासण्या झाल्यावर म्हणायचं असतं, आधी नाही. तुझ्या पत्रात मला चार वेगवेगळ्या गोष्टी दिसतायत आणि त्यातली एकच पाळीची आहे.

आधी पाळीचंच बघू. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणायचं, म्हणजे तू अजून त्याच्या अलीकडे आहेस, उंबरठ्यावर. आपल्याकडच्या बायकांत हे सरासरी ४६-४७ च्या आसपास होतं, पाश्चात्य देशांत ५१ धरतात, त्यामुळे तुझं काही लवकर किंवा उशिरा चाललेलं नाही. या उंबरठ्यावरच्या काळात (तो चांगला चार-पाच वर्षंसुद्धा चालू शकतो) हार्मोन नुसते कमी होत नाहीत, ते वरखाली उड्या मारतात. आता आठव, गरोदर असताना तुला शौचाला खडा व्हायचा का? कितीतरी जणींना होतो, कारण प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलं की आतड्याचे स्नायू सुस्तावतात. इस्ट्रोजेनचाही आतड्याच्या हालचालीशी आणि दुखण्याच्या जाणिवेशी संबंध असतो, म्हणून त्याच्या चढउतारात तेवढाच गॅस जास्त तटतटल्यासारखा वाटू शकतो. पाळीच्या आधी दोन दिवस पोट जड आणि पाळी आली की एकदम जुलाबासारखं, हे तर शाळेत असल्यापासून तुझ्या ओळखीचं असेल. तेच आता कॅलेंडर हरवून बसलंय, कधीही येतं.

त्यात झोप. रात्री दोनला वाफेने जाग येते, पंखा फुल्ल, मग चारपर्यंत छताकडे बघत राहायचं आणि पाचला उठून डबे करायचे. अशा झोपेवर कुणाचंही पोट नीट चालत नाही, पाळीचा प्रश्न असो नसो. शिवाय इस्ट्रोजेन उतरलं की चरबी मांड्यांवरून उठून पोटात येऊन बसते, आतड्यांच्या अवतीभोवती, म्हणून काट्यावर फार फरक नसतानाही कंबर वाढते, आणि पोटातला दाब वाढला की आंबट वर यायला मोकळं. म्हणजे तुझं फुगलेलं पोट सगळं गॅसचं नाही, थोडं कायमचं आहे गं, ते ओव्याने जाणार नाही. माझंही गेलं नाही.

आता गोळ्यांचा डबा. तुझं पत्र वाचताना मी इथेच थांबले, कारण हा डबा माझ्याही घरात होता. माझी थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आणि लोह, तिन्ही एकाच डबीत, डबी चहाच्या भांड्याशेजारी, सकाळी चहाचा पहिला घोट आणि त्याबरोबर तिन्ही गोळ्या गट्टम. विसरायला नको म्हणून. दोन वर्षं माझं टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही केल्या खाली येईना, डोस वाढत गेला, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी नुसतं विचारलं की गोळी कशाबरोबर घेता हो? मी लोकांना हेच शिकवत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर थायरॉईडची गोळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि चहा त्यानंतर अर्धा-पाऊण तास थांबून. कॅल्शियम आणि लोह या गोळीपासून किमान चार तास लांब, नाहीतर ती गोळी नीट अंगी लागत नाही. थायरॉईड कमी पडलं की काय होतं माहितीये? बद्धकोष्ठ, वजन वाढणं, अंग जड, मरगळ, म्हणजे जे तू मेनोपॉजच्या खात्यावर लिहून ठेवलंयस तेच. म्हणून टीएसएच पुन्हा कर, पण गोळी नीट वेळेवर घ्यायला लागल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी, नाहीतर आकड्यावरून काही कळणार नाही. कॅल्शियमच्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय बघ, कार्बोनेट असेल तर ती जेवणाबरोबर घ्यायची. आणि ती स्वतःच पोट फुगवते आणि खडा करते, सायट्रेट पोटाला जरा सोपी जाते, डॉक्टरांना विचारून बदलता येईल. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते आणि कडक होते, तीही चहाबरोबर नाही, लिंबूपाण्याबरोबर घे. एक दिवसाआड घेतली तरी चांगली लागू पडते आणि पोटाला त्रास कमी, हेही विचार.

राहिली ती कॅप्सूल. आठ महिने! ॲसिडिटीच्या या कॅप्सुला वाईट नाहीत, गरज असेल तिथे फार चांगलं काम करतात, पण कुणाला लागतात आणि किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं, साधारण चार ते आठ आठवड्यांचा कोर्स असतो. मेडिकलच्या काउंटरवरून "अजून एक स्ट्रिप द्या" असा तो व्यवहार नाही. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं दाबून ठेवलं की लोह, बी-१२, आणि ते कॅल्शियम कार्बोनेट सगळंच कमी शोषलं जातं, थायरॉईडच्या गोळीचंही तसंच, आणि जास्त काळ घेणाऱ्यांत हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलेलं दिसतं. म्हणजे बघ, तीन गोळ्या तू ज्यासाठी घेतेस त्या तिन्हींच्या वाटेत ही चौथी उभी आहे. पण उद्या सकाळी एकदम बंद करू नकोस हां, एकदम सोडली की ॲसिड उसळून येतं आणि मग वाटतं की बघा, हिच्याशिवाय चालतच नाही. डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची.

आता जिथे मला तुझी खरी काळजी वाटते ते. पोट सकाळी सपाट आणि संध्याकाळी फुगलेलं, हे ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण अन्न, गॅस, बद्धकोष्ठ यांचं फुगणं असंच दिवसाबरोबर चढतं आणि रात्रीत उतरतं. जे पोट सकाळीही उतरत नाही, आठवड्यामागून आठवडे तसंच राहतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, सारखं लघवीला जावं लागतं, तिथे वेगळी शंका घ्यावी लागते, अंडाशयाच्या कॅन्सरची. तो असाच चोरपावलाने येतो, गॅस म्हणून, आणि बायका वर्षभर जिरं-ओवा खात बसतात. तुझं तसं वाटत नाही, पण वाटण्यावर सोडू नकोस. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार ही एकदा तरी सोनोग्राफीला न्यायचीच, पोटाची आणि ओटीपोटाची दोन्ही. रक्ताची वेगळी तपासणी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. सोनोग्राफीत पित्ताशयातले खडेही दिसतात, ते या वयाच्या बायकांत काही कमी नाहीत आणि जेवणानंतर उजव्या बाजूला दुखणं, मळमळ हे सगळं आपण "पित्त झालं" म्हणून उडवून लावतो.

आणि रक्त कमी आहे म्हणतेस. त्या वर्षभरात जास्त गेलं म्हणून असेल, शक्य आहे. पण पाच महिने पाळीच नाही, लोहाची गोळी चालू आहे, तरी हिमोग्लोबिन वर येत नसेल, तर रक्त जातंय कुठे? आतड्यातून तर नाही ना, हे बघायला हवं. गोळी नीट घ्यायला लागून दोनेक महिने झाले की हिमोग्लोबिन कर, आकडा हलला नाही तर पोटाच्या डॉक्टरकडे. शौचातून रक्त, काही न करता वजन उतरणं, गिळताना अडकणं, यातलं काही असेल तर दोन महिने काय, दोन आठवडेसुद्धा थांबू नकोस. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा एकदम रक्त गेलं तर "पाळी परत आली वाटतं" म्हणून हसून सोडायचं नाही, ते दाखवायचंच.

हसू नकोस, पण प्रेग्नन्सीची पट्टीपण एकदा करून बघ. ४८ ला पाच महिने चुकलेली पाळी बहुतेक वेळा मेनोपॉजकडेच निघालेली असते, बहुतेक वेळा. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी झाली असेल तर त्यानंतर दोन वर्षं दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यायला सांगतात, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

अजून एक, आणि हे मिस्टरांना पण वाचून दाखव. छातीतली जळजळ जिना चढताना, भराभर चालताना येते आणि थांबलं की जाते असं असेल, किंवा सोबत दरदरून घाम, जबडा-पाठ-हात दुखणं, दम लागणं, तर तो गॅस समजून सोड्याचं पाणी प्यायचं नाही, सरळ हॉस्पिटल आणि ईसीजी. पाळी गेल्यावर बायकांचा हार्टचा धोका वाढत जातो आणि आपल्याकडे कितीतरी हार्ट अटॅक पहिले काही तास "गॅस" या नावाने घरातच काढलेले असतात.

पिशवी काढण्याचं म्हणशील तर वहिनींना माझा नमस्कार सांग आणि विषय बदल. पोट फुगतं, शौचाला होत नाही, यासाठी गर्भाशय काढत नाहीत. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची प्रकरणं बाहेर आली, ऐन तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते विसरलो का आपण? सोबत अंडाशयही काढलं की मेनोपॉज एका रात्रीत येतो, आणि अंडाशय ठेवलं तरी तो लवकर येऊ शकतो. म्हणजे जे सुटावं म्हणून काढायचं तेच आधी गळ्यात.

बरं, आता खाण्याचं. मला तुझा एक दिवस दिसतोय, चूक असेल तर सांग. सकाळी सहाला चहा, उभ्या उभ्या. शाळा. मधल्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत, तोही पोरांना ओरडत ओरडत, म्हणजे घासागणिक हवा पोटात. दिवसभर पाणी दोन घोट, कारण शाळेतलं टॉयलेट जाण्यासारखं नाही, हे तू लिहिलं नाहीस पण मी झेडपीच्या शिक्षिकांची पत्रं बरीच वाचलीत. घरी आल्यावर चहा-बिस्किटं. रात्रीचं जेवण "बंद", आणि साडेदहाला सगळे झोपले की चिवड्याचा डबा. त्यावर लगेच आडवं. मग घशाशी येणार नाही तर काय होणार?

म्हणून रात्रीचं जेवण आधी चालू कर. आठच्या आत, हलकं, मुगाची खिचडी आणि कढी, नाहीतर भाकरी आणि फळभाजी, आणि झोपायच्या आधी अडीच-तीन तास मोकळे. जेवणानंतर शतपावली, आजीची म्हणून टाकून देऊ नकोस, दहा-पंधरा मिनिटं चाललं की गॅस खरंच पुढे सरकतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेव, उशा वाढवून उपयोग नाही, त्याने मानच दुखते. डाव्या कुशीवर झोप.

सकाळी काहीतरी पोटात गेलं की आतडं आपोआप हलतं, ही निसर्गाने दिलेली सोय आहे, आणि नेमकी तीच वेळ तू बस पकडण्यात घालवतेस. पंधरा मिनिटं लवकर ऊठ, कोमट पाणी, चहाची वेळ झाली की चहा आणि थोडं खाणं, मग घाई न करता बस जाऊन, आली नाही तरी. कमोड असेल तर पायाखाली पाट घे, गुडघे कमरेच्या वर आले की काम सोपं होतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणांनी आणि वयाने सैल झालेले असतात, सारखा जोर लावलास तर अजून खाली येतील. बाजारात ती "रात्री घ्या, सकाळी साफ" वाली चूर्णं मिळतात त्यात बरेचदा सोनामुखी असते, अडीअडचणीला ठीक, पण मनाने रोजची सवय लावून घेऊ नकोस. इसबगोल चालेल, एक-दोन चमचे, मोठा ग्लासभर पाण्यातून आणि वर अजून पाणी. कमी पाण्यात घेतलास तर आत लगदा होऊन बसतो, आणि तुझ्या गोळ्यांपासून तोही दोनेक तास लांब. पाण्याचं म्हणशील तर शाळेत जमत नसेल तर निदान सकाळी निघायच्या तासभर आधी आणि घरी आल्यावर भरून काढ, आणि त्या टॉयलेटबद्दल मुख्याध्यापकांना लेखी अर्ज दे, चार जणींच्या सह्या घेऊन, एकटीने नको.

उसळी परत आण, पण मटकी आणि मुगापासून, राजमा-छोले-वालांपासून नाही. रात्रभर भिजव, ते पाणी फेक, मोड आण, मऊ शिजव, हिंग-आलं घाल, आणि पहिल्या आठवड्यात अर्धी वाटी. एकदम वाटीभर खाल्लीस तर फुगेलच आणि तू म्हणशील ताईंनी सांगितलं म्हणून केलं. रोजचा चोथा २५ ते ३० ग्रॅम पोटात जायला हवा आणि नुसत्या दहीभातात तो येतो कुठून? ज्वारी गव्हाइतकीच चोथ्याची आहे आणि काहीजणींना गव्हापेक्षा कमी फुगवते, तू तर सोलापूरकडची, तुला भाकरी काय शिकवायची. दूध सोसत नसेल तर ताक बघ, बहुतेकींना ते चालतं. दूध सोडलंस आणि त्याजागी काहीच धरलं नाहीस तर हाडांचं काय, पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, शिवाय तीळ, राजगिरा, दही, आणि उरलेलं गोळीतून.

उपास करतेस का? लिहिलं नाहीस, पण या वयात सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळे धरलेले असतात. एकादशी दुप्पट खाशी, तेही साबुदाणा, ज्यात चोथा जवळजवळ नाहीच. धरायचे तर धर, पण भगर, राजगिऱ्याची भाकरी, ताक, फळं यावर धर.

वजनासाठी खाणं अजून कमी करू नकोस. या वयात स्नायू झिजतात आणि म्हणून कमी खाऊनही वजन वाढतं, आठवड्यातून दोन-तीन दिवस थोडं जोर लावायचं काहीतरी कर, खुर्चीतून हात न टेकता पंधरा वेळा उठबस, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात. वाफांचा त्रास झोप मोडण्याइतका असेल तर हार्मोनच्या उपचाराबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोल, घाबरून आधीच नाही म्हणू नकोस. फक्त सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघाले तर तेही त्यांना सांग, कारण तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळीने खड्यांचा त्रास वाढू शकतो, कातडीवर लावायच्या पॅच किंवा जेलने तेवढा नाही.

सासूबाईंचा ओवा चालू ठेव, त्याने नुकसान काही नाही आणि त्या प्रेमाने देतात.

रिपोर्ट आले की लिही, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावं पण लिहून पाठव. आणि ती परकराची नाडी संध्याकाळी सैल करतेस ना, ती सकाळीच सैल बांध. दिवसभर करकचून बांधलेल्या नाडीनेही पोटातलं वर येतं. नाहीतर सरळ रुंद पट्ट्याचा परकर शिवून घे, मी घेतलेत सहा.